चाळ गेली म्हणून रडू नका, भाडं गेलं म्हणून रडा

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या 556 कुटुंबांना टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या आणि तेव्हापासून जिथे जावं तिथे एकच वाद ऐकतेय. लग्नात, ट्रेनमध्ये, ऑफिसात डबा खाताना. एक पार्टी म्हणते, अरेरे, चाळ संस्कृती संपली, आता दारं बंद होणार, कोण कुणाला वाटीभर साखर देणार. दुसरी पार्टी म्हणते, नशीब बघा एकेकाचं, 160 फुटांच्या खोलीचे 500 फूट झाले, ते पण वरळीत, ते पण फुकट, आणि आम्ही विरारला वीस वर्षं हप्ते भरतोय. मी डिलाईल रोडच्या बीडीडीत जन्मले, लग्न होईपर्यंत तिथेच होते, त्यामुळे दोन्ही पार्ट्या मला साक्षीदार म्हणून ओढतात आणि माझं दोघांशीही पटत नाही. टॉवर व्हायलाच पाहिजे होता, आणि घर मिळालं ते हक्काचंच मिळालं. पण आम्हा पोरांना जे काही माणसात आणलं ते शहराच्या मधोमध असलेल्या, सरकारी मालकीच्या, परवडणाऱ्या भाड्याच्या आणि कुणी सहज हाकलू न शकणाऱ्या खोलीनं. तशी खोली आज मुंबईत नव्यानं कुणी बांधत नाहीये, आणि वाद मात्र साखरेच्या वाटीवर चाललाय.

आधी बीडीडी म्हणजे काय ते सांगते, कारण अर्ध्या लोकांना हे बिल्डरचं नाव वाटतं. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. 1920 मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉईडनं काढलेलं खातं. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवायचा आणि कामगारांसाठी 50,000 खोल्या बांधायच्या असा बेत होता. यात दयाबुद्धी कमी आणि धास्ती जास्त, कारण 1919 आणि 1920 अशा लागोपाठ दोन जानेवारींत गिरण्यांत मोठे संप झाले होते. पुढे पैशाची ओढाताण झाली, बॅक बेचा समुद्र बुजवण्याच्या कामात हेच खातं बदनाम झालं, वीर नरिमनांनी त्याची लक्तरं वेशीवर टांगली, आणि काम थांबलं तेव्हा 207 चाळी उभ्या होत्या. वरळीला 121, नायगावला 42, डिलाईल रोडला 32, शिवडीला 12. तळमजला अधिक तीन, मजल्यावर वीस खोल्या, चाळीत 80. म्हणजे पन्नास हजारांच्या जागी साडेसोळा हजार. आणि गंमत अशी की ज्यांच्यासाठी बांधल्या ते कामगार सुरुवातीला आलेच नाहीत! भाडं परवडेना, आणि सिमेंटच्या त्या खोल्यांत माणसाला कोंडल्यासारखं व्हायचं. 1930 च्या कायदेभंगात तर सरकारनं वरळीच्या चाळीत खरोखरच सत्याग्रही कोंडले, तात्पुरतं जेल म्हणून. भाडी खाली आली तेव्हा कुठे माणसं यायला लागली. इमारत तीच, भिंती त्याच, फरक भाड्याचा.

आता चाळ संस्कृतीवाल्यांकडे वळते. त्यांचं एक म्हणणं मी बिनशर्त मान्य करते, चाळीत पोर एकट्याचं नसतं. आई गावाला गेली तर आम्ही तीन खोल्यांत मिळून जेवायचो, तापानं फणफणलेल्या माझ्या भावाला रात्री केईएमला नेलं ते समोरच्या खोलीतल्या काकांनी, आणि सातवीत मी वर्गाला दांडी मारून भारतमाताला पिक्चर बघायला गेले ती बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. टॉवरमध्ये हे होणार नाही, किंवा फार कमी होईल, खरं आहे. पण ही आठवण लिहिणारे बघा एकदा, बहुतेक पुरुष असतात. रात्री दोन वाजता कॉरिडॉरच्या टोकाच्या संडासला जायचं तर बहिणीला उठवून नेणं, ती बाहेर उभी आणि मी आत कडी धरून, हे त्यांच्या चाळीत नसतं. संध्याकाळी पाणीच कमी प्यायचं म्हणजे रात्री उठावं लागणार नाही, हे आमच्या मजल्यावरच्या प्रत्येक मुलीला कुणी न शिकवता माहीत होतं. पाळीचे कपडे परकराखाली वाळत घालायचे, कारण सात माणसांच्या 160 फुटांत लपवायला दुसरी जागाच नाही. आणि अजून एक, ज्या गॅलरीची एवढी कवनं चालतात ती बीडीडीला नाहीच! गॅलरी गिरगावात. आमच्याकडे मधोमध अंधारा बोळ आणि दोन्ही बाजूंना दारं, दिवसासुद्धा दिवा लावावा लागायचा. लोक दुसऱ्याच चाळीच्या आठवणीनं आमच्या चाळीसाठी रडतायत.

एकोप्याचंही तसंच. एकोपा होता, पण चाळीचाळीला होता. कुठली चाळ बौद्धांची, कुठली कुणाची, हे शेंबड्या पोरालाही पाठ. 5 जानेवारी 1974 ला वरळीत दलित पँथरची सभा उधळली गेली आणि जी दंगल पेटली ती बीडीडीच्या चाळीचाळींमध्ये कितीतरी आठवडे धुमसत राहिली, गच्चीवरून दगड, पेटते बोळे, आणि 10 जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव हा पँथरचा कार्यकर्ता डोक्यात दगड पडून मेला. समोरासमोरच्या चाळी, मधे एक पटांगण. ज्यांना चाळीत फक्त दहीहंडी आणि फराळाची ताटं दिसतात त्यांनी ते वर्ष कुठल्या कपाटात ठेवलंय?

मग येतं ते ठेवणीतलं वाक्य, की चाळीत राहून माणसं मोठी झाली, बाबासाहेब चाळीत राहूनच शिकले ना. हो, परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत 50 आणि 51 नंबरच्या खोल्यांत बाबासाहेब वीसेक वर्षं राहिले. पण दोन खोल्या का घेतल्या होत्या? संसार एकीत आणि पुस्तकं, अभ्यास दुसरीत. आणि स्वतःचं घर बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनी चाळीची आठवण म्हणून काही बोळ ठेवला नाही, हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं ते आधी पुस्तकांना जागा पाहिजे म्हणून. चाळीनं घडवलं म्हणणाऱ्यांनी हे बघावं, ज्याला चाळ सगळ्यात चांगली माहीत होती त्यानं हातात पैसा येताच काय मागितलं? भिंत, दार आणि शांतता.

बरं, मग चाळीनं काहीच दिलं नाही का? दिलं, पण ते वेगळंच. आमचे तात्या गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते, आणि संप कधी संपला हे खरं तर कुणालाच सांगता येणार नाही कारण तो संपल्याचं कुणी जाहीरच केलं नाही. तात्यांची गिरणी पुन्हा धड लागली नाही. कितीतरी घरं बोचकी बांधून कोकणात, घाटावर परत गेली, पोरांच्या शाळा सुटल्या त्या सुटल्याच. आम्ही राहिलो. का राहिलो? तात्या काही फार हिकमती होते असं नाही. खोलीचं भाडं इतकं थोडं होतं की पुढे केबल आली तेव्हा केबलवाल्याला आम्ही त्याहून जास्त द्यायला लागलो. संपात ते थोडंसुद्धा आठ-नऊ महिने थकलं, नोटीस आली, पण सामान बाहेर फेकायला कुणी आलं नाही. आईनं डबे चालू केले, आसपासच्या प्रेसमधले, गोदामातले लोक गिऱ्हाईक, चालत जाऊन डबा पोचवायचा आणि चालत परत. हीच खोली नालासोपाऱ्याला असती तर आईला गिऱ्हाईक कुठलं मिळालं असतं? मोठ्या भावाला संध्याकाळचं कॉलेज आणि दिवसा प्रेसमध्ये काम हे जमलं कारण दोन्ही चालत दहा मिनिटांवर. मी दहावीला ट्युशन लावली नाही, पण माझी शाळा एकदाही बदलली नाही. आमच्या बरोबरीच्या ज्यांची शाळा तीनदा बदलली त्यांना विचारा याची किंमत काय असते ते. संस्कृती, संघर्ष वगैरे नंतरच्या भाषणातले शब्द, घरात महिन्याच्या एक तारखेला पोटात गोळा येत नव्हता एवढीच ती गोष्ट होती.

आता विरारवाल्या पार्टीकडे. त्यांचा राग खोटा नाही आणि मी त्याची टिंगल करणार नाही. माझा दीर स्वतः तिकडे राहतो, पहाटे 5 ला घर सोडतो, पगाराचा निम्मा हप्त्यात जातो, आणि त्याला कुणी एक वीटही फुकट दिलेली नाही. शिवाय बीडीडीतल्या सगळ्याच खोल्या मूळ कामगारांच्या वारसांकडे आहेत असंही नाही, खोल्या हातोहात विकल्या गेल्या, कागद मागाहून झाले, काही लोकांनी तर एकाच्या तीन केल्या, हे चाळीत सगळ्यांना माहीत असतं आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही. आणि जमीन सरकारची म्हणजे सगळ्यांची, तिच्यावर विक्रीचे टॉवर उभे करून त्या पैशात आमची घरं, म्हणजे शेवटी सार्वजनिक पैसाच तो, हेही मान्य.

पण मग हा हिशोब पूर्ण करू या ना. ज्या डिलाईल रोडवर आज ‘फुकट, फुकट’ म्हणून बोंब आहे त्याच्या चारी बाजूंना गिरण्यांच्या जमिनी होत्या. 1991 च्या विकास नियमावलीत, त्या प्रसिद्ध 58 नंबरच्या नियमात, गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरले होते, एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला, म्हणजे सरकारच्या गृहनिर्माण संस्थेला, घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला, वाटे फक्त रिकाम्या जमिनीचे करायचे, इमारती पाडून जी जमीन मोकळी होते तिचे नाही. गिरणी म्हणजे सगळी इमारतच असते, मग रिकामी जमीन उरते किती? 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानंही मालकांच्या बाजूनं निकाल दिला. जिथे कामगारांची घरं आणि बागा व्हायच्या तिथे मॉल झाले, काचेची ऑफिसं झाली, आणि गिरणी कामगार अजून लॉटरीच्या यादीत नाव शोधतायत. तेव्हा ‘फुकट’ हा शब्द कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. मालकाला मिळालं की तो विकास आणि साचेवाल्याच्या पोरीला मिळालं की ते लाड, असं कसं?

आणि ‘यांना मुंबईबाहेर जागा द्यायची होती’ म्हणणाऱ्यांनी चेंबूरजवळच्या माहुलला एक चक्कर मारावी. तानसा पाइपलाइनच्या कडेची घरं पाडून माणसांना तिथे नेऊन टाकलं, शेजारी रिफायनरी, हवेला वास, आणि शेवटी 2019 मध्ये हायकोर्टाला सांगावं लागलं की तिथे राहायची सक्ती करता येणार नाही. घर म्हणजे चार भिंती आणि छप्पर एवढंच असेल तर माहुललाही घरं होतीच की.

तिसरा आक्षेप मात्र मला झोपू देत नाही, कारण तो बराचसा खरा आहे. चाळीस मजल्यांची लिफ्ट, पंप, आगीची यंत्रणा, याचा मेंटेनन्स हे लोक भरणार कसे? दहा वर्षांनी टॉवरची उभी झोपडपट्टी होईल. या माणसांना अमेरिकेतलं सेंट लुईस आठवतं, तिथली प्रुइट-आयगो वसाहत, अकरा मजली 33 इमारती, 1950 च्या दशकात गाजावाजा करून बांधल्या आणि 1972 पासून सुरुंग लावून पाडायला घेतल्या, त्याचा फोटो जगभर फिरला आणि सगळ्यांनी निष्कर्ष काढला की गरिबांना उंच इमारतीत राहता येत नाही. पण तिथे झालं काय होतं? इमारत बांधायला सरकारचा पैसा आणि चालवायला मात्र भाडेकरूंच्या भाड्याचा, असा नियम. शहरातले कारखाने गेले, कमावती माणसं उपनगरात गेली, घरं रिकामी पडली, भाडं घटलं, मग लिफ्ट बंद, मग पाइप फुटलेले, म्हणून आणखी माणसं गेली, म्हणून उरलेल्यांचं भाडं वाढवलं. 1969 मध्ये भाडेकरूंनी भाडं बंद करून संप केला तो काय हौस म्हणून? उंचीनं माणूस बिघडत असता तर मलबार हिल कधीच बिघडायला पाहिजे होतं. आपल्याकडे मानखुर्दचं लल्लूभाई कंपाऊंड आणि गोवंडीचं नटवर पारेख कंपाऊंड बघा, दोन इमारतींमध्ये हात लांबवला तर पलीकडची खिडकी लागेल इतकं कमी अंतर, खालच्या मजल्यांवर ऊन नाही वारा नाही, आणि तिथल्या टीबीचा या कोंदटपणाशी संबंध असल्याचं डॉक्टरांनीच अभ्यास करून दाखवलं. तेव्हा भीती खरी, पण बोट चुकीच्या जागी दाखवलं जातंय. चावी दिली, फोटो काढला, आणि मग इमारत तुमची, लिफ्ट तुमची, पंप तुमचा, सरकारचा संबंध संपला, हा जो संबंध संपवण्याचा घाईचा आनंद आहे ना, मला धोका तिथे दिसतो.

इथे कुणी म्हणेल, बाई, सरकार मालक म्हणून काय दिवे लावत होतं ते शंभर वर्षं बघितलं की. छतातून गज दिसायला लागले होते, पावसाळ्यात जिन्यात बादल्या, प्लास्टरचा पोपडा ताटात पडायचा. खरंय सगळं. मी हेच जेवले आहे. पण सरकार वाईट मालक होतं यावरून सरकारनं मालक असूच नये हे कसं निघतं? महापालिकेच्या शाळा वाईट आहेत म्हणून शाळा बंद करा असं म्हणणाऱ्याला आपण काय म्हणू? मुंबईत बीडीडी उभ्या राहिल्या त्याच दशकात व्हिएन्ना शहरानं 1923 पासून घरांसाठी वेगळा कर लावला, जितकं आलिशान घर तितका जास्त दर, आणि 1934 पर्यंत साठ हजारांवर घरं भाड्यानं द्यायला बांधली. 1930 साली पुरी झालेली कार्ल मार्क्स होफ नावाची त्यातली सगळ्यात गाजलेली इमारत, सुरुवातीला 1,382 घरं, 1934 च्या यादवीत तोफा खाल्लेली, आजही उभी आहे, आजही तिथे लोक भाड्यानं राहतात, आणि शहराकडे आज अशी सुमारे 2,20,000 घरं आहेत. आपण पन्नास हजार ठरवून साडेसोळा हजारांवर थांबलो आणि मग शंभर वर्षं डागडुजीतही कसर केली. सिंगापूर तर घरं विकतं, पण 99 वर्षांच्या लीजवर, जमीन सरकारकडेच राहते. म्हणजे मालकीची हौसही भागते आणि शहराच्या हातातून जमीनही जात नाही. हे करायला काही रॉकेट उडवावं लागत नाही.

आपण काय केलं? 1995 पासून झोपु, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन, योजनेत एकच गणित पक्कं झालं, जमिनीवर जो आज बसलाय त्याला एक घर, बाकीची बाजारात. बीडीडीत बिल्डरऐवजी म्हाडा आली, घर मोठं मिळालं, इतकी सुधारणा मी मान्य करते आणि ती छोटी नाही. शिवडी सोडून तीन ठिकाणच्या 15,593 खोल्यांच्या बदल्यात 15,593 घरं. एकाला एक. मधल्या शंभर वर्षांत या शहरात जो नवा माणूस आला त्याच्यासाठी शून्य. जी 160 फुटांची खोली 1925 मध्ये सरकारला कामगारासाठी बांधावीशी वाटली, भीतीपोटी का होईना, तिची आजची आवृत्ती कुठे आहे? विक्रीच्या टॉवरमधला एक तरी टॉवर सरकारनं स्वतःकडे ठेवून नर्सबाई, बेस्टचा कंडक्टर, पार्सलवाला, हॉटेलातला पोऱ्या यांना पगाराच्या हिशोबानं भाड्यानं द्यावा, आणि बाकीच्या टॉवरच्या विक्रीतून लिफ्टचा खर्च कायमचा बांधून ठेवावा, ही मागणी दोन्ही पार्ट्यांपैकी एकाच्याही तोंडून मी ऐकलेली नाही. एकाला गतकाळ हवाय, दुसऱ्याला बरोबरी. माझ्या दिराला तर मी तोंडावर सांगितलं, तुझं भांडण बीडीडीवाल्याशी नाहीच, तुला लोअर परेलला परवडेल अशी भाड्याची खोली कुणी ठेवली नाही त्याच्याशी आहे. तो म्हणाला, वहिनी, तुम्हाला मिळालं म्हणून बोलताय. आता यावर काय बोलणार, घर माझ्या भावाच्या नावावर आहे आणि त्याचाही नंबर अजून यायचाय, पण त्याचा मुद्दा मी समजू शकते.

परवा वरळीला नव्या टॉवरमध्ये मैत्रिणीकडे गेले होते. घर छान आहे, उजेड आहे, संडासला आतून कडी आहे, तिची म्हातारी आई दर तासाला उगाच नळ सोडून बघते. खाली गेटवर वही पुढे करणारा वॉचमन अगदी कोवळा पोरगा होता, विशी गाठली असेल नसेल. कुठे राहतोस विचारलं तर म्हणाला, इथून जवळच, गल्लीत एका पोटमाळ्यावर. किती जण? अकरा. एवढ्या जागेत अकरा जण झोपता कसे, तर म्हणाला, एकदम कुठे झोपतो ताई, सहा जण दिवसपाळीचे, पाच रातपाळीचे, वळकट्या त्याच. आमच्या मजल्यावर पाटण तालुक्यातल्या एका गावाची गावकीची खोली होती, तात्या मुंबईत आले तेव्हा पहिली चार वर्षं तिथेच असेच झोपले होते. त्या पोराला भाडं किती पडतं तेही विचारलं. माणशी साडेतीन हजार, आणि मालक दर अकरा महिन्यांनी जागा बदलायला लावतो.